शिक्षकांना गुण देणारी पट्टी : उच्च शिक्षणातील एका मापनश्रेणीचा इतिहास

सत्र संपत आले की महाविद्यालयाकडून तुमच्या मोबाईलवर एक लिंक येते. वीसेक विधाने असतात आणि प्रत्येकापुढे पाच गोल, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. बहुतेक विद्यार्थी दोन मिनिटांत फॉर्म भरून मोकळे होतात. काही जण पहिल्या विधानापासून शेवटच्यापर्यंत चौथाच गोल दाबत जातात. या फॉर्ममधून निघणारी सरासरी मात्र पुढे बराच प्रवास करते. ती विभागप्रमुखांच्या टेबलावर जाते, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या अहवालात जाते, आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत पुढच्या वर्षी त्याला बोलवायचे की नाही या निर्णयातही डोकावते. एकाला ४.१ मिळाले आणि दुसऱ्याला ३.८. हा फरक शिकवण्यातला आहे, विषयातला आहे, की निव्वळ योगायोग आहे?

संशोधन पद्धतीच्या पेपरात 'मापनश्रेणी तयार करणे व तिचे प्रमाणीकरण' हा घटक बहुधा पायऱ्यांच्या यादीच्या रूपात शिकवला जातो. विधाने जमवा, तज्ज्ञांना दाखवा, पथदर्शी चाचणी घ्या, अल्फा काढा, घटक विश्लेषण करा. यादी चुकीची नाही, पण त्यातली प्रत्येक पायरी कुणाला तरी आलेल्या अडचणीतून जन्मली आहे, आणि ती अडचण माहीत नसली की पायरीचा मंत्र होतो. म्हणून या पाठात आपण एकाच साधनाचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी शिक्षकांचे मूल्यमापन करण्यासाठी भरायच्या पदनिश्चयन श्रेणीचा, सुमारे शंभर वर्षांचा इतिहास पाहू. विश्वसनीयता, सप्रमाणता, घटक हे सगळे शब्द वाटेत भेटतील.

पर्ड्यू, १९२७

अमेरिकेतील इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठ आहे. तेथील जॉर्ज ब्रँडेनबर्ग आणि हर्मन रेमर्स या दोघांनी १९२७ मध्ये अध्यापकांसाठी एक पदनिश्चयन श्रेणी प्रसिद्ध केली. तिच्यात दहा गुणविशेष होते : विषयातील रस, विद्यार्थ्यांविषयी सहानुभूती, गुण देण्यातील न्याय्यता, उदार व पुरोगामी वृत्ती, विषयाची मांडणी, प्रमाणबद्धतेची व विनोदाची जाण, आत्मविश्वास, वैयक्तिक लकबी, बाह्य रूप, आणि बौद्धिक कुतूहल चेतवण्याची क्षमता.

ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. 'विषयाची मांडणी' आणि 'बाह्य रूप' एकाच रांगेत बसले आहेत. शिक्षकाचा सदरा इस्त्रीचा आहे की नाही याचा आणि विद्यार्थी काय शिकला याचा संबंध काय, असा प्रश्न आज कोणीही विचारील. पण १९२७ मध्ये 'चांगले अध्यापन म्हणजे काय' याची कोणतीही ठरलेली व्याख्या या दोघांपुढे नव्हती. 'चांगला शिक्षक' नावाचा एक माणूस डोळ्यांसमोर आणायचा आणि त्याचे गुण लिहून काढायचे, ही त्यांची रीत होती. आज आपण जिला आशय सप्रमाणता म्हणतो, म्हणजे मोजायच्या गोष्टीचे सगळे भाग विधानांमध्ये आलेत का आणि बाहेरचे काही घुसले नाही ना, तिची उणीव या यादीत उघडी दिसते. गंमत म्हणजे आजही अनेक महाविद्यालयांचे फॉर्म असेच तयार होतात. समितीतले चार जण एका दुपारी बसतात आणि सुचतील तशी विधाने लिहून काढतात.

तरीही रेमर्सला कमी लेखू नये. श्रेणी तयार करून तो थांबला नाही, पुढची अनेक वर्षे तिच्यावर शंका घेत राहिला. विद्यार्थ्याला मिळालेले गुण आणि त्याने शिक्षकाला दिलेले गुण यांचा संबंध आहे का? शिकून बाहेर पडलेले माजी विद्यार्थी काही वर्षांनी तोच अभिप्राय देतात का? असे प्रश्न घेऊन त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आकडे गोळा केले.

त्याच्या आधी एक इशारा येऊन गेला होता. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक याने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांसाठी वेगवेगळे गुण द्यायला सांगितले होते, पण या गुणांमधला सहसंबंध शक्य वाटणार नाही इतका जास्त निघाला. माणूस एकदा आवडला की तो सगळ्याच बाबतींत चांगला वाटू लागतो. याला आपण वलय परिणाम म्हणतो. पर्ड्यूच्या श्रेणीत दहा गुणविशेष असले, तरी विद्यार्थी खरोखर दहा वेगळे निर्णय देतो की एकच निर्णय दहा वेळा देतो, हा प्रश्न त्या दिवसापासून या साधनाच्या मानगुटीवर बसला आहे.

थर्स्टन आणि लिकर्ट

त्याच काळात शिकागो विद्यापीठात लुई थर्स्टन वेगळ्याच टोकाने विचार करत होता. १९२८ मध्ये त्याने अभिवृत्ती मोजता येतात असे ठामपणे सांगणारा निबंध लिहिला आणि पुढच्या वर्षी अर्नेस्ट चेव्ह याच्याबरोबर चर्चविषयीची अभिवृत्ती मोजणारी श्रेणी पुस्तकरूपाने मांडली. तिची रीत कष्टाची होती. चर्चविषयी १३० विधाने कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली. ३०० परीक्षकांनी ती ११ गठ्ठ्यांत लावली, एका टोकाला अत्यंत अनुकूल आणि दुसऱ्या टोकाला अत्यंत प्रतिकूल. परीक्षकांनी स्वतःचे मत द्यायचे नव्हते. विधान किती अनुकूल आहे एवढेच ठरवायचे होते. ज्या विधानावर परीक्षकांचे एकमत होईना ते बाद झाले. अखेर ४५ विधाने उरली आणि प्रत्येकाला पट्टीवर एक ठरलेले स्थान मिळाले.

रेन्सिस लिकर्ट कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटचे काम करत होता. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधात त्याने परीक्षकांचा हा सगळा व्याप टाळला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय संबंध, वंश, साम्राज्यवाद यांविषयीची विधाने द्यायची, प्रत्येकापुढे पाच पर्याय ठेवायचे, पर्यायांना १ ते ५ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. थर्स्टनच्या रीतीइतकेच, किंवा त्याहून थोडे बरे, विश्वसनीय निकाल कमी विधानांत मिळतात असे त्याने दाखवले. त्याच्या नावाचा खरा उच्चार 'लिकर्ट'. आपल्याकडे सर्रास 'लायकर्ट' म्हटले जाते. मौखिक परीक्षेत कोणी हटकले तर हे लक्षात असू द्या.

येथे एक बारकावा सुटता कामा नये. लिकर्टची श्रेणी म्हणजे पाच पर्यायांचे एक विधान नव्हे. एकाच अभिवृत्तीवरच्या अनेक विधानांची बेरीज ही खरी श्रेणी. शिवाय त्याने प्रत्येक विधान एकूण बेरजेशी जुळते का हे तपासून न जुळणारी विधाने काढून टाकण्याचा मार्ग सांगितला होता. आज फॉर्ममध्ये पाच गोल दिसले की आपण तिला लिकर्ट श्रेणी म्हणतो. विधाने एकमेकांशी जुळतात का हे कोणी पाहिलेले नसते. लिकर्टने गाळलेला खर्च लोकांनी आनंदाने गाळला, त्याने ठेवलेला खर्चही गाळला.

बेरीज करावी का, हा वाद वेगळा. १९४६ मध्ये एस. एस. स्टीव्हन्स याने नामदर्शी, क्रमदर्शी, अंतरदर्शी आणि गुणोत्तरदर्शी अशा चार मापनपातळ्या सांगितल्या. 'सहमत' आणि 'पूर्णपणे सहमत' यांतले अंतर 'अनिश्चित' आणि 'सहमत' यांतल्या अंतराइतकेच आहे याची हमी कोण देणार? काटेकोर बोलायचे तर एका विधानाचे उत्तर क्रमदर्शी असते. अनेक विधानांच्या बेरजेला अंतरदर्शी मानून चालण्याचा व्यवहार संशोधकांनी स्वीकारला आहे, आणि माझ्या मते तो फारसा गैर नाही. पण एकाच विधानाची सरासरी काढून दोन शिक्षकांमध्ये दशांशाचा फरक शोधणे याला मात्र आधार नाही.

एकच सूत्र, दोन वापर

आता विश्वसनीयता. हा भाग थोडा गणिताचा आहे, पण सोपा आहे, आणि येथेच सर्वाधिक गफलत होते.

१९१० मध्ये चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की चाचणी लांबवली की तिची विश्वसनीयता वाढते. एकेका विधानाचा इतर विधानांशी सरासरी सहसंबंध ०.२० आहे असे धरा. हा काही मोठा आकडा नाही. अशी ५ विधाने घेतली तर विश्वसनीयता ०.५६ येते, १० घेतली तर ०.७१, आणि २० घेतली तर ०.८३. विधाने तितकीच कच्ची आहेत, फक्त संख्या वाढली.

ली क्रोनबाख याने १९५१ मध्ये अल्फा गुणांकावरचा लेख लिहिला तेव्हा या कल्पनेला एक सोयीचे रूप मिळाले. सूत्राची मुळे आधीची होती. कूडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये बरोबर-चूक उत्तरांसाठी तसे सूत्र दिले होते, लुई गटमनने १९४५ मध्ये अल्फाशी जुळणारा गुणांक मांडला होता. पण नाव क्रोनबाखचे राहिले, आणि त्यालाही ते फारसे रुचले नव्हते. मृत्यूनंतर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शेवटच्या टिपणांत त्याने अल्फाच्या पुढे जाण्याचाच आग्रह धरला.

शोधनिबंधांत 'अल्फा ०.७० पेक्षा जास्त असल्याने श्रेणी विश्वसनीय आहे' हे वाक्य तुम्ही वाचले असेल. त्यासाठी जम नन्नली याच्या पाठ्यपुस्तकाचा हवाला दिला जातो. १९७८ च्या आवृत्तीत नन्नलीने ०.७० हा आकडा संशोधनाच्या प्राथमिक टप्प्यासाठी पुरेसा मानला होता. जेथे व्यक्तीविषयी महत्त्वाचा निर्णय घ्यायचा आहे तेथे ०.९० ही किमान आणि ०.९५ ही इष्ट पातळी असे त्यानेच सांगितले होते. पहिला आकडा जगभर पोचला, दुसरा पुस्तकात राहिला. नेमणूक आणि बढती हे तर व्यक्तीविषयीचेच निर्णय.

याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. अल्फा विधानांची एकजूट सांगतो. पण आपल्या फॉर्मचा हेतू विद्यार्थ्याविद्यार्थ्यांतला फरक मोजण्याचा नाही, शिक्षकाशिक्षकांतला फरक मोजण्याचा आहे. तेव्हा विचारायचा प्रश्न असा की, एकाच शिक्षकाला गुण देणारे विद्यार्थी एकमेकांशी किती सहमत आहेत. रेमर्सने हे फार लवकर ओळखले. १९२७ मध्येच त्याने सहकाऱ्यांसह स्पिअरमन-ब्राउन सूत्र पर्ड्यूच्या श्रेणीला लावून पाहिले, आणि तेथे विधानांच्या जागी विद्यार्थी ठेवले. वरचेच गणित पुन्हा करा. दोन विद्यार्थ्यांच्या मतांतला सहसंबंध ०.२० असेल तर ५ विद्यार्थ्यांच्या सरासरीची विश्वसनीयता ०.५६, १० विद्यार्थ्यांची ०.७१ आणि २५ विद्यार्थ्यांची ०.८६. एका विद्यार्थ्याचे मत कच्चे असते, पण वर्गाचे मत बरेच स्थिर असू शकते. म्हणजे विद्यार्थ्यांना काय कळते असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येथे उत्तर मिळते, आणि सात जणांनी भरलेल्या फॉर्मवरून एम.ए.च्या ऐच्छिक पेपरच्या शिक्षकाला जाब विचारणाऱ्यांनाही.

डॉ. फॉक्स यांचे व्याख्यान

स्थिर असणे म्हणजे खरे असणे नव्हे. दोन किलो जास्त दाखवणारा वजनकाटा रोज दोन किलोच जास्त दाखवत असेल तर तो पूर्ण विश्वसनीय आहे. प्रश्न सप्रमाणतेचा आहे.

१९७० मध्ये अमेरिकेत लेक टाहो येथे वैद्यकीय शिक्षणावरच्या एका परिषदेत मायरन फॉक्स नावाच्या 'तज्ज्ञा'चे व्याख्यान झाले. विषय होता गणिती खेळ सिद्धांताचा डॉक्टरांच्या शिक्षणातील उपयोग. श्रोते मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्याचे शिक्षक होते. वक्ता प्रत्यक्षात मायकेल फॉक्स नावाचा नट होता. त्याला विषयाचे काहीच ज्ञान नव्हते. डोनाल्ड नाफ्टुलिन, जॉन वेअर आणि फ्रँक डोनेली यांनी त्याला मुद्दाम पढवले होते : परस्परविरोधी विधाने कर, नवे शब्द बनव, असंबद्ध संदर्भ दे, पण हे सगळे आत्मविश्वासाने, ऊबदारपणे आणि विनोद पेरत कर. श्रोत्यांनी प्रश्नावलीत त्याला चांगले गुण दिले. नंतर चित्रफीत आणखी दोन गटांना दाखवली. एकूण ५५ जणांपैकी बहुतेकांचा अभिप्राय अनुकूलच राहिला. १९७३ मध्ये हा वृत्तान्त छापून आला आणि जगभर गाजला.

किस्सा म्हणून तो मजेशीर आहे, पुरावा म्हणून मात्र अपुरा. श्रोते किती शिकले हे कोणी मोजलेच नव्हते, तुलनेसाठी चांगल्या आशयाचे व्याख्यान नव्हते, आणि एका परिषदेतले एक व्याख्यान म्हणजे पूर्ण सत्रभराचा वर्ग नव्हे. वेअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे आशय कमीजास्त आणि सादरीकरण रंगतदार किंवा रुक्ष अशी अदलाबदल करून अधिक नीट प्रयोग केले. तरी या किश्शाने एक प्रश्न कायमचा रुजवला. फॉर्म मोजतो ते अध्यापन की मनोरंजन?

असा प्रश्न विचारायला लागणारी भाषा मानसशास्त्रात तोवर तयार झाली होती. १९५४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने चाचण्यांसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या, आणि १९५५ मध्ये क्रोनबाख व पॉल मील यांनी रचना सप्रमाणतेवरचा लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : 'परिणामकारक अध्यापन' यासारखी गोष्ट थेट दिसत नाही. ती एक रचना आहे. तिच्याविषयी आपला काही सिद्धांत असतो, आणि त्या सिद्धांतातून अपेक्षा निघतात. उदाहरणार्थ, जास्त गुण मिळवणाऱ्या शिक्षकाचे विद्यार्थी जास्त शिकले पाहिजेत, आणि शिक्षकाच्या दिसण्याचा गुणांशी संबंध नसावा. या अपेक्षा एकेक करून तपासत जायचे. म्हणजे सप्रमाणता एका आकड्यात मावत नाही. 'माझ्या श्रेणीची सप्रमाणता ०.८२ आहे' असे कोणी लिहिले तर त्याला कशाशी काढलेला सहसंबंध, हे विचारा. डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क यांनी १९५९ मध्ये यात भर घातली : एकच गुण वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला तर आकडे जुळावेत, आणि वेगवेगळे गुण एकाच पद्धतीने मोजले म्हणून आकडे जुळू नयेत. थॉर्नडाइकच्या वलयावर हा नेमका उपाय होता.

वलयाला उत्तर देण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न हर्बर्ट मार्श याचा. त्याने घटक विश्लेषण वापरून विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांत नऊ घटक वेगळे दिसतात असे १९८० च्या दशकात दाखवले : अध्ययनमूल्य, उत्साह, सुसंघटितपणा, गटातील संवाद, वैयक्तिक संबंध, विषयाची व्याप्ती, परीक्षा, नेमून दिलेले काम, आणि कामाचा भार. घटक विश्लेषणाच्या पायाभूत कामात थर्स्टनचाच मोठा वाटा, हे येथे नोंदवून ठेवतो. मार्शच्या श्रेणीला महत्त्व का? कारण नऊ आकड्यांचा शिक्षकाला काही उपयोग होतो. 'तुम्हाला ३.८' याने काही कळत नाही. 'तुमचा उत्साह वर्गाला जाणवतो, पण परीक्षेत काय अपेक्षित आहे हे कळत नाही' यावर पुढच्या सत्रात काम करता येते. पर्ड्यूच्या यादीशी या नऊ घटकांची तुलना करा. बाह्य रूप गेले, लकबी गेल्या. 'चांगला माणूस' जाऊन 'वर्गात घडणाऱ्या गोष्टी' आल्या.

अध्ययनाशी संबंध आहे का?

सप्रमाणतेची सर्वांत कठीण परीक्षा हीच, आणि तिचा निकाल तीन वेळा बदलला.

मिरियम रॉडिन आणि बर्टन रॉडिन यांनी १९७२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कलनशास्त्राच्या एका अभ्यासक्रमाचा अभ्यास छापला. त्यात विद्यार्थ्यांचा अभिप्राय आणि विद्यार्थ्यांनी शिकलेले गणित यांतला सहसंबंध चक्क ऋण, उणे ०.७५ निघाला. खळबळ उडाली. पण गुण दिले होते ते मुख्य व्याख्यात्याला नव्हे, सराव वर्ग घेणाऱ्या साहाय्यकांना. टीकाकारांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले.

मग एक चांगला आराखडा रूढ झाला. एकच अभ्यासक्रम, अनेक तुकड्या, प्रत्येक तुकडीला वेगळा शिक्षक, शेवटी सगळ्यांना सामाईक परीक्षा. कोणत्या तुकडीचे सरासरी गुण जास्त आणि कोणत्या शिक्षकाला अभिप्राय चांगला, हे जोडून पाहायचे. पीटर कोहेन याने १९८१ मध्ये अशा ४१ अभ्यासांतील ६८ अभ्यासक्रमांचे एकत्रित विश्लेषण केले. शिक्षकाविषयीचा एकूण अभिप्राय आणि विद्यार्थ्यांची संपादणूक यांतला सरासरी सहसंबंध ०.४३ निघाला. पुढची तीसेक वर्षे विद्यापीठे या आकड्यावर विसंबून राहिली.

२०१७ मध्ये बॉब उटल, कार्मेला व्हाइट आणि डॅनिएला गोन्झालेझ यांनी तेच जुने अभ्यास आणि नंतरचे अभ्यास पुन्हा तपासले. त्यांना दिसले की मोठे सहसंबंध प्रामुख्याने मोजक्या तुकड्या असलेल्या छोट्या अभ्यासांतून आले होते. तुकड्यांची संख्या आणि विद्यार्थ्यांची आधीची तयारी लक्षात घेतली की संबंध जवळपास शून्यावर येतो. त्याआधी २०१० मध्ये स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतील आकडे मांडले होते. तेथे विद्यार्थ्यांना शिक्षक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे मिळतात, म्हणून तुलना स्वच्छ होते. चालू अभ्यासक्रमात चांगले गुण मिळवून देणाऱ्या शिक्षकांना अभिप्रायही चांगला मिळत होता, पण त्यांचे विद्यार्थी पुढच्या, त्यावर आधारलेल्या अभ्यासक्रमांत मागे पडत होते. म्हणजे फॉर्म काहीतरी मोजत होता. ते काहीतरी म्हणजे या परीक्षेची तयारी, टिकणारे अध्ययन नव्हे.

आणि बाह्य रूप? ते यादीतून गेले, मनातून गेले नाही. लिलियन मॅकनेल, अ‍ॅडम ड्रिस्कॉल आणि अँड्रिया हंट यांनी २०१५ मध्ये एका ऑनलाइन वर्गाचा प्रयोग प्रसिद्ध केला. एक स्त्री आणि एक पुरुष अशा दोन साहाय्यक शिक्षकांनी प्रत्येकी दोन गट शिकवले, एका गटाला स्वतःच्या नावाने आणि दुसऱ्याला एकमेकांच्या नावाने. विद्यार्थ्यांनी चेहरा पाहिला नव्हता. पुरुषाचे नाव दिसले की गुण वाढले, अगदी गृहपाठ वेळेवर तपासून देण्याबद्दलही, जरी काम सारख्याच वेळात परत केले होते. प्रयोग छोटा होता, ४३ विद्यार्थ्यांचा. पण अॅन बोरिंग, केली ओटोबोनी आणि फिलिप स्टार्क यांनी २०१६ मध्ये फ्रान्समधील खूप मोठ्या आकडेवारीतही स्त्री शिक्षकांच्या विरुद्ध कल दाखवला.

या सगळ्याचा हिशेब एका लवादापुढे झाला. कॅनडात टोरांटो येथील रायर्सन विद्यापीठात अध्यापक संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात विद्यार्थी अभिप्रायाच्या वापरावरून अनेक वर्षे वाद चालला होता. जून २०१८ मध्ये लवाद विल्यम कॅप्लन यांनी निर्णय दिला की बढती आणि कायम नेमणुकीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजायला या सरासऱ्या वापरता येणार नाहीत. विद्यार्थ्यांचा अनुभव टिपण्यासाठी मात्र त्यांचे मोल त्यांनी मान्य केले. सॅम्युएल मेसिक १९८९ मध्ये जे सांगत होता तेच येथे व्यवहारात उतरले : सप्रमाणता श्रेणीची नसते, श्रेणीच्या गुणांवरून काढलेल्या अर्थाची आणि केलेल्या वापराची असते. तोच फॉर्म एका कामाला सप्रमाण आणि दुसऱ्या कामाला असप्रमाण असू शकतो.

आपल्याकडे

परक्या श्रेणीला आपल्या भाषेत आणण्याचा भारतातला अनुभव जुना आहे. सी. हर्बर्ट राइस यांनी १९२९ साली बिने चाचणीचे हिंदुस्तानी रूप प्रसिद्ध केले. व्ही. व्ही. कामत यांनी तीच चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बेतली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. या कामांतून एक गोष्ट स्पष्ट झाली होती की शब्द बदलला की प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते, म्हणून प्रमाणके नव्याने काढावी लागतात.

उच्च शिक्षणात मात्र आपण बऱ्याचदा हे विसरतो. परदेशी श्रेणी घ्यायची, भाषांतर करायचे, मूळ लेखकांनी दिलेला अल्फा उद्धृत करायचा आणि पुढे जायचे, असे प्रबंध कमी नाहीत. रिचर्ड ब्रिस्लिनने १९७० मध्ये उलट भाषांतराची रीत सुचवली : एकाने भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यावे, आणि फरक शोधावा. याने शब्दांच्या चुका सापडतात. संबंधांच्या चुका सापडतीलच असे नाही. 'शिक्षक माझ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतात' हे विधान निर्दोष मराठीत लिहिता येईल. पण ज्या विद्यार्थिनीच्या घरात सरांपुढे मान वर करून बोलणे हाच उर्मटपणा मानला जातो, ती 'असहमत' दाबताना तक्रार करत नसून कदाचित सरांचा मान राखत असते. नकारार्थी विधानांचेही तसेच. 'सरांचे शिकवणे कंटाळवाणे नाही' या विधानाशी असहमत होणे म्हणजे नक्की काय, हे कळायला मलाही क्षणभर थांबावे लागते. घाईत फॉर्म भरणाऱ्याकडून काय अपेक्षा करणार? अशी उलटी विधाने घटक विश्लेषणात एक वेगळाच घटक बनवून बसतात, आणि संशोधक त्याला काहीतरी भारदस्त नाव देऊन मोकळा होतो.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे नॅकने, २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. त्यामुळे हा प्रश्न आता एखाद्या प्रबंधापुरता राहिलेला नाही. नावातला 'समाधान' हा शब्द लक्षात घ्या. समाधान ही एक रचना, अध्ययन ही दुसरी. पहिलीच्या मोजमापावरून दुसरीविषयी बोलायचे असेल तर मधला पूल कोणीतरी पुराव्याने बांधावा लागतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे तो पूल सध्या डळमळीत आहे.

लघुप्रकल्पासाठी तुम्ही स्वतः श्रेणी तयार करणार असाल तर एक काम सांख्यिकीच्या आधी करा. आपल्या महाविद्यालयातील पाच-सहा विद्यार्थ्यांना, शक्य तर वेगवेगळ्या माध्यमांतून आणि वेगवेगळ्या घरांतून आलेल्या, एकेकटे बसवा. प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि वाचताना मनात काय येते ते बोलायला सांगा. 'शिक्षक अभ्यासक्रम पूर्ण करतात' या विधानावर एक जण म्हणेल, सगळे धडे शिकवले. दुसरी म्हणेल, नोट्स दिल्या. तिसरा म्हणेल, परीक्षेला येणारे सगळे सांगितले. तिघांनीही 'पूर्णपणे सहमत' दाबलेले असेल.